नव्या बॉल पायथनला पेटीत रुळवताना: कोल्हापूरच्या हवेतला पहिला महिना

नवीन आणलेला साप खात नाही, रात्रभर काचेवर नाक घासत फिरतो, हात दिसला की गुंडाळी करून बसतो, अशी तक्रार आली की पेटी उघडून पाहावी. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. जिथे ऊब आहे तिथे आडोसा नसतो आणि जिथे आडोसा आहे तिथे ऊब नसते. सापाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. त्यातली एक निवडायची पाळी आली तर तो सहसा लपणं निवडतो आणि थंडीत बसून राहतो. मग पचन मंदावतं, भूक मरते, कातही नीट निघत नाही. म्हणून खालची बरीचशी कामं साप घरी येण्याआधीची आहेत. तो आल्यावर करायचं फार थोडं उरतं.

इथली सगळी मापं बॉल पायथनसाठी आहेत. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत पडून राहणारा आणि अंधार पडल्यावर बाहेर येणारा साप. कॉर्न स्नेक असेल तर उबेच्या बाजूचं तापमान दोन-तीन अंशांनी कमी ठेवा, आर्द्रता ४० ते ५५ टक्के पुरे, आणि पेटीच्या फटी दुप्पट काळजीने बुजवा, कारण तो पळून जाण्यात पटाईत असतो. बाकी सगळं सारखंच.

आधी कागदपत्रं

नाग, धामण, अजगर, मांडूळ, दिवड, कवड्या यांपैकी एकही साप घरात पाळता येत नाही. आपल्याकडचे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि ते बाळगणं गुन्हा आहे, मग तो शेतात सापडलेला असो की कुणी हौसेने दिलेला. बॉल पायथन परदेशी असला तरी मोकळीक नाही. तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. पुढे पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तर तेही कळवायचं असतं. विकणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या नोंदणीचे कागद नसतील आणि तो “नंतर बघू” म्हणत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

पेटी घरात कुठे ठेवायची

सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारी थरथर तो अंगाने आणि जबड्याने टिपतो. त्यामुळे वॉशिंग मशीन, मिक्सरचा ओटा, पाण्याची मोटर आणि सतत आपटणारं दार यांपासून पेटी लांब हवी. उद्यमनगरात कारखान्याला लागून घर असेल तर प्रेसच्या बाजूची भिंत टाळा. महाद्वार रोड, मिरजकर तिकटी या मिरवणुकीच्या वाटेवर राहणाऱ्यांनी गणपतीच्या आधीचा महिना नवा साप आणण्यासाठी निवडूच नये. डॉल्बीने खिडकीची तावदानं थरथरतात तिथे आठवड्याभरापूर्वी आलेला साप खाणार नाही. पेटी आधीच असेल तर ती मागच्या खोलीत हलवा आणि खाली अर्धा-पाऊण इंच जाडीची रबरी मॅट घाला.

खिडकीतून येणारं थेट ऊन काचेच्या पेटीवर अर्धा तास पडलं तरी आतलं तापमान जीवघेणं होतं. देवघराची खोलीही नको. धूप, उदबत्ती आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर सापाच्या फुप्फुसाला त्रास देतो. डास मारायच्या लिक्विडमध्ये आणि फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात, ती सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरू शकतात. त्या खोलीत मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी हाच उपाय. मुंग्यांसाठी खडूने रेघ मारू नका, त्यातही तेच औषध असतं. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी पद्धत उत्तम चालते.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर किंवा नदीकाठच्या ज्या गल्ल्यांत २०१९ आणि २०२१ ला पाणी शिरलं, तिथे तळमजल्यावर पेटी ठेवणार असाल तर जूनपासून एक झाकणाचा, भोकं पाडलेला डबा आणि दोन उशीचे अभ्रे हाताशी तयार ठेवा. पाणी चढायला लागल्यावर चार फुटी पेटी उचलून नेता येत नाही. साप अभ्र्यात, अभ्रा डब्यात, एवढंच जमतं.

पेटी आणि आडोसे

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच पेटी लागते. पिल्लासाठी ४० ते ५० लिटरचा, झाकणाला दोन्ही बाजूंनी क्लिपा असलेला प्लॅस्टिकचा डबा वर्षभर पुरतो आणि पहिल्या महिन्यात सोयीचाही पडतो. डब्याला दोन्ही लांब बाजूंना, वरच्या तिसऱ्या भागात, ४-५ मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं पाडा. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने पाडत असाल तर आतून बाहेर पाडा, म्हणजे वितळलेल्या कडा बाहेरच्या बाजूला येतात आणि सापाचं नाक सोलत नाही. काम मोकळ्या हवेत करा आणि डबा धुऊन दोन दिवस उघडा ठेवा.

सुताराकडून प्लायची पेटी करून घेणार असाल तर पाण्याला टिकणारी १८ मिलिमीटरची प्लाय घ्या. आतून पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे तीन हात द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, पेटी रिकामी राहू द्या. दार समोरून सरकणाऱ्या काचेचं असावं. वरून उघडणाऱ्या पेटीत प्रत्येक वेळी हात आकाशातून येतो, आणि सापाच्या हिशेबात वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात ती फट ५ मिलिमीटरपेक्षा कमी हवी, आणि काचेला लॉक हवंच. सांधे बुजवायला मत्स्यालयासाठीचं सिलिकॉन वापरा, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं नको. सिलिकॉन भरल्यावर तीन दिवस थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे हाइड, सापाला शिरून बसायची बंदिस्त जागा. एक उबेच्या टोकाला, एक थंड टोकाला, दोन्ही सारख्या आकाराचे. साप आत वेटोळं घालून बसला की त्याच्या अंगाला भिंती आणि छत टेकलं पाहिजे. माणसाला मोकळीढाकळी वाटणारी गुहा सापाला सुरक्षित वाटत नाही. साठ-सत्तर ग्रॅमच्या पिल्लाला ५ इंच व्यासाचा आणि अडीच इंच उंचीचा हाइड बसतो. तोंड साधारण दीड ते दोन इंच, आणि शिरायला एकच वाट.

तयार हाइड महाग पडतात म्हणून बरेच जण मातीची कुंडी उपडी घालतात. कल्पना चांगली आहे, पण कुंडीच्या बुडाला पाणी निथळायचं भोक असतं आणि ते प्राणघातक ठरतं. साप त्यात डोकं घालतो, पुढचं अंग जातं, मधला जाड भाग अडकतो. मागे सरायचं तर खवल्यांच्या कडा भोकाच्या काठाला अडतात. मग तो आणखी पुढे रेटतो आणि पक्का रुततो. म्हणून कुंभाराकडून बिनभोकाचं मडकं किंवा पसरट गाडगं घ्या, काठाला खाच पाडून घ्या आणि खाचेची धार सँडपेपरने हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घासा. मंगलोरी कौलं किंवा दगड वापरणार असाल तर ते थेट पेटीच्या तळावर टेकवा आणि मग भोवती अंथरूण भरा. अंथरुणावर ठेवलेल्या जड वस्तूखाली साप उकरून शिरतो आणि चेंगरतो.

पेटीची मागची आणि दोन्ही बाजूंची भिंत बाहेरून काळ्या कागदाने झाका. मधल्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या वेली, पुठ्ठ्याच्या नळ्या, तुकडे केलेले अंड्यांचे ट्रे असं काहीतरी भरा, म्हणजे एका हाइडमधून दुसऱ्यात जाताना तो कुठेही पूर्ण उघडा पडत नाही. मोठ्या पेटीत साप बुजतो असं म्हणतात, पण तो बुजतो रिकाम्या पेटीत. चार फुटी पेटी गच्च भरलेली असेल तर पिल्लूही त्यात नीट राहतं.

पेटीच्या आत चिकटपट्टी कुठेही, कशासाठीही लावू नका. ती सुटते, सापाच्या अंगाला चिकटते, आणि ओढून काढताना कातडी सोलून येते.

ऊब: थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावायची नाही

लागणारी तापमानं अशी: उबेच्या हाइडच्या आत, तळाशी ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७, रात्री कुठेही २४ च्या खाली नाही. हवेतली आर्द्रता ५५ ते ७० टक्के.

प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या पेटीला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) खालून लावतात, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरच्या बाजूने. पेटीच्या चार कोपऱ्यांना ५-६ मिलिमीटर जाडीचे रबरी पाय चिकटवा. पेटी सपाट टेबलावर टेकली तर मॅटची उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते. मॅटवरचं अंथरूण अर्ध्या-पाऊण इंचापेक्षा जाड नको. जाड थरात वर थंड लागतं आणि साप उकरत खाली गेला की पोट भाजतं. १८ मिलिमीटर प्लायमधून मात्र मॅटची ऊब वर येतच नाही. लाकडी पेटीला छताला ६० ते १०० वॅटचा सिरॅमिक हीटर लावा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये आणि भोवती तारेची जाळी घालून. जाळी नसेल तर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. भाजत असतानाही साप तिथून पटकन बाजूला होत नाही, म्हणून ऊब नियंत्रणात ठेवण्याचं काम पूर्ण आपल्यावर येतं.

थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारं यंत्र) म्हणून अंडी उबवायच्या इन्क्युबेटरला लावतात तो डिजिटल कंट्रोलर चालतो. एसटीसी-१००० आणि त्याच्यासारखे मिळतात. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, डब्यात बंदिस्त करून, अर्थिंगसकट. सेटिंग ३२ अंश, फरक ०.५ अंश. मॅट असेल तर सेन्सर मॅटच्या बरोबर वर, पेटीच्या आत, तळाला टेकून बसवा. तो हलू नये म्हणून सिलिकॉनचे दोन ठिपके पुरतात. सेन्सर जागचा निसटला तर त्याला पेटीतली थंड हवा लागते, कंट्रोलर मॅट चालूच ठेवतो आणि तळ ४५ च्या पुढे जातो. थर्मोस्टॅट लावलेला असूनही साप भाजतो तो असा. सेन्सर पाण्याच्या भांड्यापासूनही लांब ठेवा. ओला झालेला सेन्सर कमी तापमान दाखवतो आणि परिणाम तोच होतो.

थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. दोन स्वस्त डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता दाखवणारी यंत्रं) घ्या, एक दिवस शेजारी शेजारी ठेवा आणि फरक पडतो का पाहा. हायग्रोमीटर तपासायची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतके पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि यंत्र एका झिप पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ टक्के आला पाहिजे. ६९ दाखवत असेल तर त्यावर कायम ६ मिळवून वाचा.

सगळं लावून झालं की पेटी तीन दिवस रिकामी चालवा. पहाटे, दुपारी आणि रात्री आकडे वहीत लिहा. तीन दिवस आकडे जागच्या जागी राहिले तरच साप आणायचा.

आपल्याकडचे तीन ऋतू

परदेशी माहिती वाचून पेटी लावली की ती गरम कशी ठेवायची एवढंच कळतं. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये उलटा प्रश्न असतो. पारा ३८ च्या पुढे गेला की स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी खोलीच ३५-३६ अंशांवर जाते. मग पेटीत थंड टोक उरतच नाही, आणि ३५ च्या वर तासन् तास राहिलेला साप दगावू शकतो. पेटी तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत न्या. खिडकीला ओलं पोतं किंवा वाळ्याचा पडदा लावा. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून थंड टोकाच्या बाहेरच्या भिंतीला लावून ठेवा. पेटीच्या आत बर्फ ठेवायचा नाही. कूलर किंवा एसीचा झोत थेट पेटीवर नको. मे महिन्यात नवा साप आणणं टाळलेलं बरं.

वळीव आला की वीज जाते, तीही संध्याकाळी, नेमकी खायला देण्याच्या वेळी. पिल्लाच्या पेटीची मॅट १५ ते २५ वॅटची असते, घरचा इन्व्हर्टर ती सहज ओढतो. तिचा प्लग आधीच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ९० च्या आसपास राहते. हवा दमट असलेली सापाला चालते, ओलं अंथरूण चालत नाही. ओल्यावर सतत पडून राहिलं की पोटाचे खवले आधी गुलाबी, मग तपकिरी होतात आणि त्यांखाली पाणी धरतं. जून ते सप्टेंबर पाण्याचं भांडं लहान ठेवा, ते थंड टोकाला सरकवा, भोकं आणखी दहा-बारा वाढवा आणि अंथरुणाचा थर पातळ करा. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर तेवढा भाग नव्हे, सगळं अंथरूण बदला.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान १४-१५ अंशांपर्यंत उतरतं. हीट मॅट तळ गरम करते, हवा नाही, म्हणून मॅट चालू असूनही साप गार पडतो. पेटीच्या मागे, बाजूंना आणि वर एक इंची थर्माकोल बाहेरून लावा. भोकं मोकळी सोडा. हवा कोरडी पडली तर वरून फवारा मारण्यापेक्षा कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या अंथरुणाच्या) दोन कोपऱ्यांत १००-१५० मिली पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओलसर आणि वरचा कोरडा राहतो. वीज गेली आणि चार-सहा तास पेटी २१-२२ वर आली तर निरोगी साप तग धरतो. पण पोटात नुकताच गिळलेला उंदीर असेल तर तो उलटी करतो. थंडीच्या लाटेत म्हणूनच खाणं पुढे ढकला.

अंथरूण आणि पाणी

पहिला महिना फक्त पांढरा टिशू पेपर किंवा कोरा न्यूजप्रिंट. दिसायला ओकंबोकं वाटतं, पण त्यावर विष्ठा, रक्ताचा डाग, माइट (अंगावरचे बारीक रक्त पिणारे किडे) सगळं लगेच दिसतं. महिन्याने सगळं ठीक असेल तर नर्सरीत मिळणारं कोकोपीट वापरा. काही विटांमध्ये मीठ उरलेलं असतं, म्हणून भिजवून एकदा धुऊन, पिळून, सावलीत सुकवून घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण थेंब गळू नये, एवढी ओल पुरे. वखारीतला भुसा नको. त्यात चीड-देवदारचा अंश असतो, त्यातली तेलं सापाला घातक असतात, आणि प्लायच्या भुशात गोंद असतो. पाण्याचं भांडं जड, कलंडणार नाही असं. पाणी रोज बदला.

प्रवास आणि पहिला दिवस

पुण्याहून आणत असाल तर पाच तासांचा रस्ता आहे. साप सुती पिशवीत, तोंड गाठ मारून, पिशवी भोकाच्या डब्यात, डबा सीटखाली सावलीत. गाडीत २५ ते २८ अंश. ढाब्यावर गाडी उन्हात बंद करून जेवायला बसायचं नाही. एसटीच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीत साप कधीही पाठवू नका. आणण्याआधी आठवडाभर त्याला खायला दिलेलं नसावं, आणि तो शेवटचा कधी, काय आणि किती आकाराचं खाऊन आला हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. जिवंत उंदीर खाणारा की गोठवलेला, हा प्रश्न नंतर फार उपयोगी पडतो.

घरी आल्यावर रिकाम्या डब्यात ठेवून १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या किचन वजनकाट्यावर वजन घ्या. मग पिशवी पेटीत ठेवा, गाठ सोडा, दार लावा आणि खोलीतला दिवा बंद करा. तो स्वतःहून बाहेर येईल, कधी पाच मिनिटांत, कधी मध्यरात्री. आंघोळ घालायची नाही, हातात घ्यायचा नाही, शेजाऱ्यांना दाखवायचा नाही.

पहिले सात दिवस पेटी फक्त पाणी बदलायला आणि घाण काढायला उघडायची, तीही दिवसा, साप हाइडमध्ये असताना. “आत आहे ना” हे बघायला हाइड उचलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. एकदा छप्पर उडालं की ती जागा त्याच्या लेखी सुरक्षित राहत नाही. तो दिसत नाही याचा अर्थ पेटी चांगली लागली आहे.

पहिल्या दोन-तीन रात्री पेटीभर फिरणं, जीभ बाहेर काढत कोपरे हुंगणं हे स्वाभाविक आहे. आठवड्यानंतरही रात्रंदिवस फिरत असेल तर आकडे पुन्हा तपासा. सतत उबेच्या हाइडमध्येच असेल तर थंड टोक फारच थंड आहे. सतत थंड टोकालाच असेल तर उबेची बाजू जास्त तापते आहे, किंवा तिथला हाइड मोठा आहे. पाण्याच्या भांड्यात तासन् तास पडून असेल तर तीन शक्यता: फार गरम होतंय, लपायला नीट जागा नाही, किंवा अंगावर माइट आहेत.

याच आठवड्यात नागपंचमी आली तर घरात आधीच सांगून ठेवा. साप दूध पचवू शकत नाही. हळद-कुंकू खवल्यांत आणि नाकपुड्यांत जातं. पूजा करायचीच असेल तर ती चित्राची किंवा मातीच्या नागाची करावी.

पहिलं खाणं

सात दिवस पूर्ण झाल्यावर, अंधार पडल्यावर. पिल्लाला त्याच्या वजनाच्या साधारण १० टक्के वजनाचा उंदीर: ८० ग्रॅमच्या सापाला ८ ग्रॅमचा. पुढे १० ते १५ टक्के, दर सात दिवसांनी. मोठ्या सापाला ५ ते ७ टक्के, दोन ते तीन आठवड्यांनी. उंदीर खाण्यासाठीच पैदास केलेला, गोठवलेला असावा. घरात किंवा गोदामात पकडलेला उंदीर कधीही नाही, कारण त्याच्या पोटात झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनसारखं औषध असू शकतं. जिवंत उंदीरही टाळा. घाबरलेला उंदीर सापाला कुरतडतो.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. संध्याकाळी झिप पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा. मायक्रोवेव्ह नको आणि उकळतं पाणीही नको, पोट फुटतं. शेवटी फक्त डोकं अर्धा मिनिट थोड्या जास्त गरम पाण्यात धरा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, त्याला गरम डोकं आधी दिसतं. अंग कोरडं पुसा, १० इंची चिमट्याने मानेमागे धरा आणि हाइडच्या तोंडाशी, नाकापासून चार-पाच इंचांवर हळूच हलवा. चेहऱ्याला टोचायचं नाही. त्याने झडप घातली की चिमटा सोडा आणि तिथेच स्तब्ध व्हा. विळखा घालून तो दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू शकतो.

नाही खाल्लं तर उंदीर हाइडच्या तोंडाशी ठेवून दिवा बंद करा. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न सात दिवसांनी. रोज रोज उंदीर नाचवला की साप आणखी बुजतो. बॉल पायथन आठवडे, मोठा असेल तर महिनेही उपाशी राहू शकतो, म्हणून दिवस मोजू नका, वजन पाहा. आठवड्याला एकदा वजन घ्या. आल्या दिवशीच्या वजनापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घट झाली तर पशुवैद्याकडे जायचं. डोळे निळसर-दुधी झाले असतील तर तो कात टाकणार आहे, तोवर खायला देऊच नका. आर्द्रता ७० पर्यंत न्या आणि ऑर्किडच्या नर्सरीत मिळणारं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ओलसर करून एका हाइडमध्ये भरा. डोळ्यावर कातेची टिकली अडकली तर नखाने काढू नका.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. उलटी झाली तर १४ दिवस काहीही देऊ नका, फक्त पाणी, आणि नंतर निम्म्या आकाराच्या उंदराने सुरुवात करा.

माइट आणि आजार

पाण्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खोबणीत हलणारे कण हे माइट. कुत्र्याचं गोचीड मारायचं औषध वापरू नका. डोस पशुवैद्यच ठरवतो. घरात दुसरा साप असेल तर नव्याची पेटी वेगळ्या खोलीत, चिमटा-भांडी वेगळी, आणि हात लावायचा क्रम जुना आधी, नवा नंतर, किमान दोन महिने.

तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, मान वर करून पाठीकडे वाकवणं, पोटाच्या खवल्यांना लाली, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. सगळेच पशुवैद्य साप पाहत नाहीत, म्हणून साप आणण्याआधीच फोन करून तशा डॉक्टरचा नंबर वहीत लिहून ठेवा.

निसटला तर

खोलीचं दार बंद करून खालच्या फटीत टॉवेल कोंबा, बाथरूमच्या मोरीला जाळी लावा. जमिनीवर पिठाची पातळ पट्टी टाका, सकाळी वळणाची खूण दिसते. फ्रिजच्या मागे, इन्व्हर्टरशेजारी, सेट-टॉप बॉक्सखाली, गादीच्या शिवणीत, अशा उबदार अरुंद जागा आधी पाहा. शेजाऱ्यांना फोटो दाखवून तो बिनविषारी आहे हे त्याच दिवशी सांगा, नाहीतर दिसताक्षणी काठी पडेल. भागातल्या सर्पमित्रालाही कळवा, कारण त्याने रानातला साप समजून जंगलात सोडला तर तो परत मिळणार नाही. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. आणि पाळायला जमत नाही म्हणून पन्हाळ्याच्या किंवा दाजीपूरच्या रानात साप सोडणं हा पर्याय नाही. तो तिथे बहुधा मरतो, आणि जगलाच तर तिथल्या सापांना रोग देऊ शकतो.

हातात कधी घ्यायचा

सलग तीन वेळा स्वतःहून खाल्ल्यावर. हाइडमध्ये हात घालू नका. तो बाहेर असताना कागदाच्या गुंडाळीने पाठीला हलका स्पर्श करा, म्हणजे हे खाणं नाही हे त्याला कळतं. बाजूने, शरीराच्या मधल्या भागाखालून हात सरकवून दोन्ही हातांवर उचला. डोकं आणि शेपटी मोकळी राहू द्या. पहिल्यांदा पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा, पुढे हळूहळू पंधरापर्यंत. उंदराचा वास हाताला असेल तर आधी साबणाने धुवा. नंतरही धुवाच, सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका. मान आखडून इंग्रजी एस आकारात वळली तर त्या दिवशी उचलायचं राहू द्या आणि दार लावून घ्या.